वीस मिनिटं पुढे

जावक क्र. १/२०२५
उमरठ, ता. पोलादपूर
मंगळवार, ४ मार्च २०२५
वेळ सकाळी ५.४५ (घरचं घड्याळ)

प्रति,
श्री. मुराद काझी,
लॅपटॉप दुरुस्तीवाले, एस.टी. स्टँडमागे, महाड.

विषय : नातीच्या लॅपटॉपमधली डिस्क गायब असल्याबाबत.

महाशय,

‘महाशय’ वाचून दचकू नका. तीस वर्षं तुम्हाला ‘अरे मुराद’ म्हणत आलो, ते आजपासून बंद.

शनिवारी, १ तारखेला, माझी नात अक्षदा हिचा लॅपटॉप मी तुमच्या दुकानात आणला. तक्रार एवढीच की कीबोर्डची चार बटणं दबत नव्हती. तुम्ही यंत्र उलटं केलंत, पोट उघडलंत, कीबोर्ड बदललात, चालू करून दाखवलंत. मी समोर स्टुलावर बसून सगळं बघत होतो. फक्त मधे दहा मिनिटं स्टँडवर चहाला गेलो. त्या दहा मिनिटांत काय झालं ते तुम्हाला आणि वरच्याला ठाऊक.

रविवारी संध्याकाळी अक्षदानं बटण दाबलं तर काळा पडदा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ. तिनं पाटीवर उतरवून दाखवली, ‘नो बूटेबल डिव्हाइस’. म्हटलं म्हणजे काय? तर तिनं लिहिलं, चालू व्हायला डिस्क लागते ती सापडत नाय असं म्हणतंय. झालं! यंत्र स्वतःच्या तोंडानं साक्ष देतंय. आता आणखी कुठला पुरावा पाहिजे?

त्या डिस्कमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. अक्षदाचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. सावच्या गरम पाण्याच्या कुंडांचं तापमान तिनं अकरा महिने दर रविवारी जाऊन मोजलं. पावसात नदी कुंडांवर चढली तेव्हासुद्धा पोरगी काठावर उभी होती. वहीत लिहिलेलं मोबाइलमध्ये घेतलं आणि वही रद्दीत गेली, जानेवारीत मोबाइल त्याच कुंडात पडून उकडला, उरला तो लॅपटॉप. सोमवार, २४ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत प्रकल्प कॉलेजात दिला नाही तर तिचं वर्ष बुडालं.

मी चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडीत विसरलेली छत्रीसुद्धा नोंद करून परत दिली आहे. तुम्ही डिस्क परत द्या.

फोन करू नका. मला ऐकू येत नाही हे तुम्ही जाणता, आणि रस्त्याच्या कामात केबल तुटल्यापासून इथं रेंजही नाही. जे काय ते लेखी. चंदू कंडक्टर वस्तीची गाडी घेऊन रोज संध्याकाळी इथं मुक्कामाला येतो, त्याच्या हातात द्या.

मालोजी कळंबे
सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक


महाड
५ मार्च

मालोजीबाबा,

तुमचं पत्र काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसलो. रोजा आहे, घोटभर पाणीही पिता येत नव्हतं. बायकोनं, बिल्किसनं विचारलं काय झालं, तर तिला सांगायचीसुद्धा लाज वाटली.

मी डिस्क चोरली? मी? बाबा, २०२१ च्या महापुरात या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. लोकांची एक्केचाळीस यंत्रं चिखलात होती. माझं स्वतःचं घर उघडं टाकून मी एकेक डिस्क पुसली, वाळवली, ज्याची त्याला नेऊन दिली. लोकांच्या लग्नांचे फोटो, सातबाऱ्यांच्या नकला, सगळं. त्यात तुमच्या स्टँडवरचा कॉम्प्युटरही होता. आणि आज तुमच्या नातीची डिस्क ठेवून घेऊन मी काय तिचं लोणचं घालणार आहे?

असो. पोरीचं काम अडलंय म्हणून राग गिळून लिहितो. ती ओळ ‘डिस्क नाही’ असं म्हणत नाही. ‘जिच्यावरून चालू व्हावं अशी डिस्क मला सापडत नाही’ असं म्हणते. डिस्क जागेवर असूनही यंत्राला चुकीच्या पद्धतीनं शोधायला सांगितलं की असं होतं. कोणी आतल्या सेटिंगला हात लावला होता का?

दोन गोष्टी करा. चार्जर काढा आणि चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून चालू करताना एफ-टू बटण टकटक दाबत राहा. शनिवारी तारीख-वेळ लावताना मी तुमच्यासमोर उघडलं होतं तेच आतलं पान येईल. त्यात डिस्कचं नाव दिसतं की नाही तेवढं वाचून कळवा. बाकी कशाला हात लावू नका.

आणि एक. पत्रावर तुम्ही ५.४५ वेळ टाकलीत. चंदू म्हणतो, पत्र त्याला साडेपाचला हातात मिळालं आणि गाडी ५.४० ला सुटली. तुमचं सगळंच जगाच्या पुढे.

मुराद


जावक क्र. २/२०२५
उमरठ, ७ मार्च २०२५
वेळ सकाळी ५.४२ (घरचं घड्याळ)

श्री. काझी,

वेळेवरून मला शिकवू नका. या घरातलं घड्याळ कसं चालवायचं ते मी ठरवीन.

बटण तीस सेकंद दाबून धरलं. उपयोग शून्य.

एफ-टू मी दाबणार नाही. त्या पानात काय असतं आणि काय नसतं ते मला कळत नाही, मी कधी त्यात गेलो नाही आणि जाणार नाही. उद्या काही झालं की तुम्ही म्हणायला मोकळे, म्हाताऱ्यानं बोट घातलं म्हणून बिघडलं. ही पळवाट मी चांगली ओळखतो. सेटिंगला कोणी हात लावला का, असं विचारताच कसं? या घरात कोण लावणार? बनुबाई? ती पाय मोडून महिनाभर प्लॅस्टरमध्ये पडली आहे. अक्षदा? ती रविवारी दिवसभर सावला होती.

काल मी महाडला आलो होतो. तुमच्या दुकानाच्या पायरीवर चढलो नाही. स्टँडवर चहाच्या टपरीपाशी दहा माणसांत जे झालं ते सांगितलं. लोकांना सावध करणं माझं कर्तव्य आहे. चौतीस वर्षं तेच केलं, खिसेकापूंपासून सावध राहा म्हणून भोंग्यावर ओरडलो.

लॅपटॉप पुरावा म्हणून माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला आहे. कुलपावर लाखेचं सील केलं आहे. ग्राहक मंचात जाईन.

मालोजी कळंबे


महाड
१० मार्च

कळंबेसाहेब,

तुम्ही ‘महाशय’ लिहिलंत, मग मीही साहेब लिहितो.

काल दुपारी माझा उझैर स्टँडवर बर्फ आणायला गेला. चोवीस वर्षांचा मुलगा, लाल डोळे घेऊन परत आला. टपरीवर कोणीतरी म्हणालं, काय रे, डिस्का विकायला चाललास का? आणि लोक हसले. आज सकाळी शाळेचे एक गुरुजी आले आणि दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप तसाच, उघडलेला, स्क्रू पिशवीत घालून परत घेऊन गेले. नजर वर करून बघितलं नाही माझ्याकडे.

खिसेकापू! ज्या भोंग्यावर तुम्ही आयुष्यभर ओरडलात तो भोंगा कोणी दुरुस्त केला? पावसात पाणी शिरून बंद पडायचा तेव्हा शिडी लावून वर कोण चढायचं? तुम्ही खाली उभे राहून म्हणायचात, मुराद, पडशील रे. तोच मुराद आता खिसेकापू झाला?

माझा निर्णय ऐका. तुम्ही काढलेला शब्द लेखी परत घेत नाही, तोवर तो लॅपटॉप या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ग्राहक मंचात खुशाल जा. मी रोजा सोडल्यावर तुमच्यासाठी दुआ मागायचो, काल नाही मागता आली. त्याचंही मला वाईट वाटतंय, आणि त्याचाही राग तुमच्यावरच आहे.

मुराद काझी


उमरठ
१६ मार्च, रविवार

मुरादचाचा,

मी अक्षदा. हे पत्र आजोबांना माहीत नाही. चंदूमामांना शपथ घातली आहे.

तुम्हा दोघांची पत्रं मी वाचली. आजोबा आलेलं पत्र फायलीत लावतात आणि फाईल उशाखाली ठेवतात, पण आंघोळीला जातातच की. वाचून माझं डोकं फिरलं. दोन मोठी माणसं, एक म्हणतो डिस्क द्या, एक म्हणतो आधी माफी द्या, आणि माझं वर्ष ट्रंकेत सीलबंद! आठवडा राहिलाय, चाचा. आठ दिवस. मला कोणी विचारलं का, की बाई, तुला काय पाहिजे? शिमगा झाला, गावभर बोंबा मारून झाल्या, माझीच तेवढी बोंब कोणी ऐकली नाही.

त्यात नवीन गोष्ट. पोलादपुरात कोणी एक जण आजोबांना भेटला. तो म्हणाला, विंडोज नवीन टाकून देतो, यंत्र धावायला लागेल. तो घरी आला तेव्हा मी विचारलं, आतलं सगळं राहील ना? तर खांदे उडवून म्हणाला, ते जाणार. आजोबांना हे ऐकू आलंच नाही. मी कागदावर लिहून दाखवलं तर म्हणतात, डिस्कच चोरीला गेली तर जायला आत उरलंय काय? गुरुवारी ते लॅपटॉप त्याला देणार आहेत. म्हणजे माझे अकरा महिने गुरुवारी पुसले जाणार, आणि तेही माझ्या भल्यासाठी.

मी स्वतः महाडला आले असते, पण आजीला उठवायला-बसवायला मीच आहे. आजी तुमच्या बाजूची आहे. ती म्हणते, “मुराद चोर नाय गो. ह्या माणसाच्या पोटात कायतरी हाय. रात्रीचा उठून त्या ट्रंकेकडं बघत बसतो.” मला त्याचा अर्थ कळला नाही.

मंगळवारी पालखी वरच्या वाडीत जाणार. आजोबा पालखीबरोबर दुपारभर तिकडे असतील. ट्रंकेची दुसरी किल्ली आजीच्या बटव्यात आहे. सीलचं मी बघून घेईन. तुम्ही फक्त मला सांगा, काय करू? त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी सांगा. मी तर तुम्हाला चोर म्हटलेलं नाही.

आणि घड्याळावरून आजोबांना टोमणे मारू नका, प्लीज. अनुआत्या दहावीच्या पेपराला पोहोचली नाही, कारण गाडी चुकली. तेव्हापासून घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे आहेत. भिंतीवरचं, गजराचं, आजोबांच्या मनगटावरचं, आजीच्या औषधाच्या डब्याशी ठेवलेलं. आत्या पुन्हा परीक्षेला बसली नाही. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नाही.

अक्षदा


महाड
१७ मार्च

बेटी अक्षदा,

तुझं पत्र वाचून लाज वाटली. तू बरोबर आहेस. आम्ही दोघं भांडत बसलो आणि मधल्या मधे तू. गुरुवारच्या त्या गृहस्थाला यंत्र अजिबात द्यायचं नाही. तो विंडोज नवीन टाकेल आणि सगळं धुऊन काढेल. दरवाजाची कडी अडकली म्हणून घर पाडणारी माणसं असतात, त्यातला तो.

उद्या असं कर. चार्जर लाव. बटण दाबल्याबरोबर एफ-टू टकटकव. निळं पान येईल. घाबरू नकोस. बाणाच्या बटणांनी इकडेतिकडे जाता येतं. तीन गोष्टी वाचून एका कागदावर उतरव. पहिल्या पानावर डिस्कचं नाव आणि आकडा दिसतो का. ‘बूट’ नावाच्या पानावर मोड काय निवडलाय. आणि तारीख-वेळ बरोबर आहे का, कारण वेळ घसरली असेल तर आतला छोटा सेल मेला असं समजायचं.

काहीही बदलू नकोस, बाहेर पडताना ‘सेव्ह न करता’ असं निवड. बघून आधी मला कळव. चुकीचं बटण पडलं तर ते शोधायला मी तिथे नाही.

आणि बेटी, पेन ड्राइव्ह नावाची एक वस्तू असते.

मुरादचाचा


उमरठ
१८ मार्च

चाचा,

पेन ड्राइव्ह आहे. ऑक्टोबरपासून पाकिटातच आहे, फोडलेला नाही. बोला आता काय बोलायचं ते.

डिस्क आहे!! पहिल्याच पानावर नाव आहे, समोर ५१२ आहे. मी ओरडले. आजी पलंगावरून म्हणाली, “काय गो, साप निघाला काय?” मी म्हटलं, नाही आजी, डिस्क निघाली.

बूटच्या पानावर ‘लेगसी’ निवडलेलं आहे. त्याच्याखाली दुसरा पर्याय ‘यूईएफआय’ असा आहे, तो निवडलेला नाही.

आता तिसरी गोष्ट. आतलं घड्याळ. आजीचा जुना बटणांचा रेडिओ आहे, त्यावर चारच्या बातम्या लागल्या तेव्हाच मी बघितलं. रेडिओवर चार. लॅपटॉपच्या आत चार वाजून वीस मिनिटं. एकोणीस नाही, एकवीस नाही. वीस.

मला कळायला एक सेकंदही लागला नाही, चाचा. अख्ख्या रायगड जिल्ह्यात ही वेळ फक्त आमच्या घरात वाजते.

मला आठवलं. नेट होतं तेव्हा आजोबा रोज कुरकुरायचे, तुझं यंत्र मागे पडतं, त्याची वेळ पुढे कर. मी हसण्यावारी न्यायचे, कारण नेट आलं की ते पुन्हा बरोबर व्हायचं. मी सावला गेले त्या रविवारी ते घरी होते. आणि नंतर त्यांनी तुम्हाला चोर ठरवलं, स्टँडवर भाषण दिलं, ट्रंकेला सील लावलं! मी भयंकर चिडले आहे. संध्याकाळी ते पालखीहून आले, कपाळाला गुलाल, आणि मला म्हणाले, बाळ, काळजी करू नको, त्या मुरादला मी सोडणार नाय. मी उठून मागच्या दारी गेले. तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते कोण जाणे.

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. मी सांगू, की तुम्ही सांगता?

अक्षदा


महाड
१९ मार्च

मालोजीबाबा,

हे पत्र दार लावून वाचा. अक्षदानं तुम्हाला काही सांगितलेलं नाही, सांगायची तिची इच्छाही नाही. मी सांगतो.

डिस्क जागेवर आहे. आतलं घड्याळ बरोबर वीस मिनिटं पुढे आहे.

दोन आठवडे माझी झोप गेली. उझैर स्टँडच्या पुढून जात नाही, मागच्या गल्लीनं जातो. गुरुजी स्क्रू पिशवीत घालून गेले. आणि तुम्ही तिकडे, सगळं माहीत असून, जावक क्रमांक टाकून पत्रं लिहीत होतात? एफ-टू दाबणार नाही म्हणालात तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. पण मी म्हटलं, छे, मालोजीबाबा खोटं बोलणार नाहीत. तुम्ही एकदा स्वतःच्या भावाला विनातिकीट धरून उतरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझीही एक चूक आहे, ती मी आधी कबूल करतो. शनिवारी वेळ लावताना मीच तुमच्या पाटीवर लिहून फुशारकी मारली, की बाबा, वरचं घड्याळ दिखाऊ, खरं घड्याळ या आतल्या पानात असतं, मुळाशी. तुमच्यासारख्या माणसाला ते सांगायचं नसतं. पण मी घड्याळ दाखवलं, खोटं बोलायला नाही शिकवलं.

हे सगळं मी उद्या टपरीवर वाचून दाखवू शकतो. नाही दाखवणार. मला तसं जिंकायचं नाही.

आता उपाय. निळ्या पानात जा, रस्ता तुम्हाला माहीत आहे. ‘बूट’च्या पानावर ‘लेगसी’, म्हणजे डिस्क शोधायची जुनी पद्धत, आहे तिथे नवी ‘यूईएफआय’ निवडा. पहिल्या पानावर वेळ बरोबर करा. खरी वेळ, बाबा. मग एफ-टेन दाबून ‘येस’. हे अक्षदा एका मिनिटात करेल, पण ते तिनं करू नये. तुम्ही तिच्यासमोर बसून स्वतः करा.

चंदूकडे दुसरं पाकीट आहे, अक्षदाच्या नावाचं, हाच उपाय लिहिलेलं. सकाळी गाडी सुटताना तुम्ही त्याला ‘झालं’ म्हणाला नाहीत तर तो ते तिला देईल. पोरीचं वर्ष तुमच्या ताठ्यावर टांगून ठेवायला मी तयार नाही.

आणि जिथे बोललात तिथे खरं बोला.

मुराद


उमरठ
२० मार्च २०२५

मुराद,

जावक क्रमांक घातलेला नाही. हे फायलीत लावायचं पत्र नाही.

झालं. काल संध्याकाळी अक्षदाला समोर बसवलं. सील बघितलं तर ते आधीच तोडून मेणबत्तीच्या मेणानं चिकटवलेलं. तू लिहिलंस तसं केलं. यंत्र चालू झालं. सगळं जागेवर आहे, पहिल्या रविवारपासून. पोरगी रडली आणि मग माझ्यावर अशी तडकली की बनुबाईला मधे पडावं लागलं. मला ऐकू येत नाही म्हणून तिनं पाटीवर लिहून भांडण केलं. पाटी तीनदा पुसली.

कसं घडलं ते सांगतो. घड्याळ पुढे केलं, त्यानं काही बिघडलं नाही. बाहेर पडायचा रस्ता शोधताना दुसऱ्या पानावर गेलो. तिथे एकाखाली एक दोन पर्याय. शब्दकोशात बघितलं, लेगसी म्हणजे मागून आलेलं, जुनं. मी आयुष्यभर फॉर्म भरले. फॉर्मात जे लागू असेल ते निवडायचं. आपलं यंत्र जुनं, दुसऱ्याचं वापरलेलं, म्हणून मी जुनं निवडलं. माझ्या मते मी फॉर्म बरोबर भरला होता.

संध्याकाळी यंत्र चालू झालं नाही तेव्हा मला वाटलं, घड्याळ बदलल्यानं डिस्क कशी जाईल? म्हणजे मुरादनंच केलं असणार. हे मी स्वतःला रोज सांगितलं. दोन-चार दिवस पटलं. नंतर पटेना. पण तोवर स्टँडवर बोलून चुकलो होतो.

आता जे सांगतो ते बनुबाईलाही माहीत नाही. १९९८ साली मी पोलादपूर स्टँडवर ड्यूटीला होतो. माझ्या अनुपमाचा दहावीचा गणिताचा पेपर महाडला. उमरठहून येणारी तिची गाडी उशिरा आली. महाडची गाडी ९.१० ला सुटायची. मी ९.१० ला शिट्टी मारली. ती स्टँडच्या त्या टोकाला उतरून धावत येत होती, दप्तर छातीशी धरून. मला ती दिसली, मुराद. गाडी थांबवायला मी शिट्टी परत मारली नाही. कंट्रोलरच्या पोरीसाठी गाडी थांबली असं कोणी म्हणू नये म्हणून. त्या दिवशी कशेडीत ट्रक आडवा झाला होता, मागून एकही गाडी आली नाही. घरी सगळ्यांना सांगितलं, गाडी चुकली.

घड्याळं पुढे करून मला वाटलं, आता या घरातलं कोणी कधी चुकणार नाही. आणि या खेपेला मीच अक्षदाचं वर्ष बुडवायला निघालो होतो.

सोमवारी महाडला येतो. जिथे बोललो तिथे बोलेन.

मालोजी


उमरठ
मंगळवार, २५ मार्च २०२५
वेळ सकाळी ५.३० (बरोबर)

चि. अनुपमा हिस, मु. कळवा,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून काहीतरी वाईट घडलं असं वाटेल. तसं काही नाही. आईचा पाय सुधारतो आहे. अक्षदानं काल दुपारी दोनला प्रकल्प कॉलेजात दिला. पेन ड्राइव्ह एक कॉलेजात, एक तिच्या गळ्यात, एक मुरादच्या दुकानात. आता तीन झाले.

मुरादशी मी कसा वागलो ते तुला अक्षदानं काल महाडहून फोन करून तिखटमीठ लावून सांगितलं असेल. ते सगळं खरं आहे, तिखटमिठासकट.

काल संध्याकाळी महाड स्टँडवर गेलो. तिथे आता दिशा नावाची मुलगी कंट्रोलर आहे. तिला म्हटलं, बाई, भोंगा दोन मिनिटं दे. तिनं माझ्या पाटीवर लिहिलं, नियमात नाय बसत बाबा. मी म्हटलं, तो नियम मीच लावला होता. मग तिनं दिला.

मी नेहमीच्या पद्धतीनं सांगितलं. प्रवाशांनी लक्ष द्यावे. सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक मालोजी कळंबे यांनी मुराद काझी यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. तो खोटा होता. यंत्र कळंबे यांनी स्वतः बिघडवले आणि काझी यांनी ते दुरुस्त करून दिले. घोषणा तीनदा करायची असते, तीनदा केली. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे जरा मोठ्यानंच झाली असावी. मुराद दुकानातून धावत आला, हातात पेचकस. पाटी घेतली आणि लिहिलं, ‘बास करा, पार बाजारपेठेत ऐकू गेलं.’ मी म्हटलं, अरे मुराद, तेवढं तर जायलाच पाहिजे. तो तिथेच रडला. मग पुन्हा पाटी घेऊन लिहिलं, ‘राग अजून गेलेला नाही. ईदपर्यंत राहील. ईदला जेवायला या.’ त्याचा मुलगा उझैरही स्टँडमधून भोंग्यापर्यंत चालत आला, पुढच्या बाजूनं, सगळ्यांदेखत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. या सगळ्यात उमरठची गाडी सुटायची वेळ झाली. सव्वापाच. मी भोंग्यापाशीच होतो. मी बघितलं, चंदू खाली उभा, हात वर करून ड्रायव्हरला थांबवतो आहे. गाडीत चाळीसेक माणसं. कोणी कुरकुरताना दिसलं नाही. मी धावत गेलो तर खिडकीतली एक बाई म्हणाली, चढा, बाबा, सावकाश चढा. ती काय म्हणाली ते चंदूनं खुणेनं सांगितलं तेव्हा कळलं.

गाडी तीन मिनिटं उशिरा सुटली. मी घड्याळात बघितलं, आता ते बरोबर आहे. आणि अनू, गाडी पोलादपूरला वेळेवर पोहोचली.

त्या दिवशी तू मला दिसली होतीस. दप्तर छातीशी धरून धावत होतीस, एक चप्पल तुटली होती. गाडी चुकली नव्हती. मी सोडली. सत्तावीस वर्षं तुला वाटत राहिलं असेल की तुलाच उशीर झाला. तुला उशीर झाला नव्हता, पोरी. मी थांबवायला हवी होती आणि मी थांबवली नाही.

तू माफ कर असं म्हणत नाही. चीड, अक्षदासारखी चीड. पाटी घेऊन ये, पुसून पुसून लिही, मी सगळं वाचीन.

पाडव्याला ये. परत जाताना निघायला उशीर झाला तर होऊ दे. गाडी मी थांबवतो.

तुझा बाबा